पाटलाचा टिळा

घोडेगावच्या आमच्या दुकानात गिऱ्हाइकाला बसायच्या दोन जागा होत्या. एक आत, गादीला लागून, जाजम अंथरलेली बैठक. दुसरी बाहेरची पायरी. बैठकीवर पाटील, कुलकर्णी, देशमुख आणि कचेरीतले लोक बसत, आणि त्यांना विडा मिळे. पायरीवर बाकीचे बसत. बायका पायरीपाशी उभ्या राहत. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नव्हता. आजोबा मारवाडातून आले तेव्हा गावात जी रीत दिसली ती त्यांनी उचलली, आणि वडिलांनी ती काटेकोर पाळली. आजोबांना मराठी धड येत नव्हतं. मला मराठीशिवाय दुसरं काही धड येत नाही. पण बैठक आणि पायरी तीच राहिली.

त्या पहिल्यांदा आल्या तो बाजाराचा दिवस होता. उंच बाई, माझ्याहून चार बोटं तरी उंच. काळसर लुगडं, कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि हातात पुरुषमाणसाची काठी. त्यांनी पायरीखाली वहाणा काढल्या, सरळ आत आल्या आणि बैठकीवर बसून काठी मांडीशी आडवी ठेवली. बैठकीवर पेठचे एक पाटील आधीपासून बसले होते. ते थोडे सरकले. जागा द्यायला सरकले की संकोचानं, ते मला कळलं नाही.

वडिलांनी विचारलं, "कोण गाव?"

त्यांनी शिनोलीच्या पुढचं, डोंगरालगतचं एक गाव सांगितलं. म्हणाल्या, "मी तिथला पाटील."

"म्हणजे पाटलीणबाई..."

"पाटलीण माझी सासू व्हती. तिचा नवरा पाटील व्हता म्हणून ती पाटलीण. माझा नवरा वारला. आता पाटलाची बायकू गावात कुणीच न्हाई. पाटील तेवढा हाय. ती मी."

वडिलांनी एकदा मांडीशी ठेवलेल्या काठीकडं पाहिलं. मग त्यांनी पानाचं तबक त्यांच्यापुढं सरकवलं. रात्री आईनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाटलाला विडा द्यायचा, एवढाच नियम आहे. त्यात मिशा आल्या नाहीत."

त्यांनी विडा घेतला आणि पदराच्या टोकाला बांधला. पेठचे पाटील म्हणाले, "खायचा न्हाई व्हय?"

"विडा पाटलाचा हाय, म्हणून घेतला. तोंड रांडावल्या बाईचं हाय, त्ये खात न्हाई."

"मंग विड्याचं काय करणार?"

"बैलाला देणार. त्यो पाटलाचाच हाय."

आणि बाहेर जाऊन त्यांनी खरोखर गाडीच्या उजव्या बैलाला विडा चारला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पुढं जे लिहितो आहे त्यातलं काही पाहिलेलं आहे, काही ऐकलेलं. ऐकलेलं ते ऐकलेलं म्हणूनच सांगेन. मालाला तराजू असतो, गोष्टीला नसतो, म्हणून गोष्ट सांगताना जास्त जपावं लागतं.

त्यांचा नवरा तापानं गेला. मूल नव्हतं, म्हणून पाटीलकी त्यांच्या नावावर लागली. हे जगावेगळं नव्हतं. आमच्या भागात अशा बायका अधूनमधून असत. सरकारकाम करायला त्या गुमास्ता नेमत. वसूल तो करी, कचेरीत तो जाई, आणि बाई घरात असत. यांनीही गुमास्ता नेमला होता. फरक इतकाच की त्या घरात राहिल्या नाहीत. गुमास्ता कचेरीत निघाला की त्या पुढं आणि तो मागं.

कचेरीतल्या एका कारकुनानं मला सांगितलेली ही हकीकत. लिहिता न येणारा माणूस कागदावर निशाणी करतो. शेतकऱ्याची, पाटलाची निशाणी नांगराची. बाईची निशाणी बांगडीची. कारकुनानं त्यांचं नाव लिहिलं आणि शेजारी बांगडी काढायला टाक उचलला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात बांगडी दिसती का तुमाला?"

"रीत आहे, बाई. त्याला खरी बांगडी लागत नाही."

"मंग नांगर काढा. त्योबी खरा लागत न्हाई. पर माझ्याकडं तर खरा बी हाय, दोन हायती."

कारकून वर साहेबांना विचारायला गेला. साहेब म्हणाले, काढ, नांगर काढल्यानं कागद फाटत नाही. साहेबांनी हेच शब्द वापरले असतील याची मला खात्री नाही; तो कारकून गोष्ट रंगवून सांगणारा होता. पण तेव्हापासून त्यांची निशाणी नांगराची झाली, हे खरं.

वडिलांनी गादी माझ्याकडं दिली त्या सुमारास त्या नेमानं येऊ लागल्या. माल घ्यायला थोडा वेळ लागे, बोलायला पुष्कळ. त्यांना एकच नाद होता. कुणाला काय म्हणतात आणि का म्हणतात. बैठकीवर बसलेल्या माणसांना त्या कोडं घालीत.

"देशमुखाची बायकू देशमुखीण. गुरवाची गुरवीण. पाटलाची पाटलीण. बरं, सुइणीचा नवरा कोण?"

कुणी तरी म्हणे, "तो आपला कुणबी."

"म्हंजी सगळ्या गावाला जी जल्माला घालती तिचं नाव तिच्या नवऱ्याला लागत न्हाई. आन ह्यो साधा देशमुख, त्याचं मातुर बायकूला लागतं. का?"

देशमुख त्या वेळी बैठकीवर नसले म्हणजे लोक हसत. असले तर तपकीर ओढत.

एकदा त्यांनी मलाच धरलं. "शेठ, तुमी वरीसभर परगावी गेलात आन दुकान शेठाणींनी चालवलं, तर त्या शेठ का शेठाणी?"

मी म्हटलं, "शेठाणीच."

"आन तुमी माघारी आलाच न्हाई तर?"

मी तराजूचं पारडं पुसत बसलो. संध्याकाळी जेवताना पत्नीनं विचारलं, "मग त्यांना काय सांगितलंत?" ती दाराआड होती हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "काही नाही सांगितलं." ती म्हणाली, "तेच विचारायचं होतं," आणि मला आणखी एक फुलका वाढला.

एक म्हातारा गोंधळी दिवटीला तेल मागायला दुकानावर येई. तेलाच्या बदल्यात पायरीवर बसून एखादी गोष्ट सांगे. एकदा त्याची गोष्ट शेवटाला आली होती. राक्षस मेला, राजा खूष झाला, त्यानं त्या शूर मुलाला आपली मुलगी दिली आणि अर्धं राज्य दिलं.

आतून आवाज आला, "कुणाला दिलं?"

"जावयाला, पाटलीणबाई."

"आन पोरीला?"

"पोरगी राणी झाली की."

"राजाच्या घरची तर ती व्हतीच. आता नवऱ्याच्या घरची झाली. तिला मिळालं काय?"

गोंधळी वैतागला. "अवं, गोष्ट हाय ती."

"गोष्ट हाय म्हणून तर इचारते. खऱ्या गावात भाऊबंद हायती, कचेरी हाय, चार लोक हायती. गोष्टीत कोण हाय आडवायला? राक्षस उडतो, घोडं बोलतं, आन पोरीला राज्य दिलं तर तुझ्या दिवटीचं त्याल सांडतं व्हय?"

गोंधळी दिवटी उचलून चालता झाला. पण तो कसलेला माणूस होता. पुढच्या खेपेला त्यानं त्यांच्यासाठी मुद्दाम दुसरी गोष्ट आणली. सात डोंगरांपलीकडं बायकांचं राज्य आहे, तिथं पहारेकरी बाई, प्रधान बाई, सगळ्यांच्या वर राणी. त्यांनी काठी बाजूला ठेवली. तिथं पाटलाच्या हाताखाली चौगुला कोण, वसूल कोण करतं, पागोटं बांधतात का, राणी म्हातारी झाली की गादी मुलीला जाते की सुनेला, असं सगळं विचारलं. गोंधळ्यानं जमेल तशी उत्तरं दिली. घामाघूम झाला बिचारा.

शेवटी त्यांनी विचारलं, "ती राणी कुण्या राजाची?"

"कुण्याच न्हाई. तितं राजाच न्हाई. तिची तीच."

"हां," त्या म्हणाल्या, आणि पदराची गाठ सोडून विडा गोंधळ्याला दिला. त्या दिवशी बैलाला विडा मिळाला नाही.

त्या काळी आमच्याकडं राणीछाप रुपया चाले. एकदा तो तळहातावर धरून त्यांनी विचारलं, "शेठ, ही बाई राजाची बायकू का सोता राज्य करती?"

"स्वतः राज्य करते."

"मंग नवऱ्याचा छाप कुटं हाय?"

मला ते माहीत नव्हतं. शाळेचे मास्तर दुकानावर आले तेव्हा मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, नवरा फार वर्षांपूर्वीच वारला. राणीनं पुढं कितीतरी वर्षं एकटीनं राज्य केलं. आणि नवरा जिवंत होता तेव्हा त्याला राजा म्हणत नसत. मग काय म्हणायचं, यावर तिकडंसुद्धा पुष्कळ खल झाला होता.

हे मी त्यांना सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या. त्यांना मी इतकं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

"म्हंजी सात समिंदरापल्याडबी हीच चावडी बसली व्हती."

मग गंभीर झाल्या. रुपया उजेडाकडं फिरवला. "रांडावल्याव कपाळ मोकळंच दिसतंय."

"त्यांच्यात कुंकू नसतंच."

"त्ये असूं द्या. कपाळ मोकळं हाय, आन डोक्याव मुकुट हाय."

त्यांचं माहेर डिंगोरं. लहानपणी त्या बापाबरोबर बैलांवर तांदूळ लादून नाणेघाटापर्यंत गेल्या होत्या. बैल खाली कोकणात जात, मीठ घेऊन वर येत; तोवर त्या घाटातल्या लेण्यात बसत. त्या लेण्याच्या मागच्या भिंतीत ओळीनं मूर्ती होत्या. आता मूर्ती झिजून, फुटून गेल्या आहेत. पावलं तेवढी उरली आहेत, आणि वर काही जुनी अक्षरं. मास्तर सांगत की ती अक्षरं म्हणजे नावं आहेत, आणि त्या रांगेत एक राणी आहे.

मी एकदा त्या वाटेनं जाणार होतो. त्यांनी मला बजावलं, "त्यातली राणीची पावलं कंची, त्ये बगून या."

मी पाहिलं. वाकून, वितीनं मापून, पावलांच्या खुणा एकमेकींशी ताडून पाहिल्या. परत आल्यावर त्यांना खरं तेच सांगितलं. "ओळखू येत नाहीत. बाईची कुठली, पुरुषाची कुठली, काही फरक दिसत नाही."

"मागं हायती का शेजारी?"

"एका ओळीत."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

हे सगळं त्यांचं कुतूहल, एक करमणूक, असं मी धरून चाललो होतो. ते तसं नव्हतं हे मला एका भाद्रपदात कळलं.

आमच्याकडं बैलपोळा भाद्रपदातल्या अमावास्येला असतो. त्याआधी आठवडाभर दुकानात हिंगूळ, बेगड आणि गोंड्यांची गिऱ्हाइकं असतात. त्या आल्या, हिंगूळ घेतला, आणि रोजच्यासारखं कोडं न घालता बसून राहिल्या. मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं.

त्यांच्या गावची रीत अशी. पोळ्याला सगळे बैल वेशीबाहेर जमतात. वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण असतं. गुरव पाटलाच्या बैलाला कुंकू लावतो, मग पाटलाच्या कपाळी टिळा लावतो, आणि पाटलाची जोडी तोरणाखालून गावात शिरते. तिच्यामागं बाकीच्यांच्या जोड्या. त्याआधी कुणी शिरायचं नाही. नवरा वारल्यापासून गावानं त्यातून वाट काढली होती. नवऱ्याचं पागोटं ताटात ठेवून गुमास्ता पुढं चाले, गुरव त्या पागोट्याला टिळा लावी, आणि त्या ताटामागं चालत.

त्यांचा एक चुलत दीर होता. त्याचा पाटीलकीवर डोळा होता. त्यानं चावडीत विचारलं, पागोट्याला किती वर्षं पाटील म्हणायचं? पाच पंचांनी बसून ठरवलं की यंदा पागोटं नको. जो जिवंत माणूस पोळ्याला टिळा घेईल तोच पाटील, आणि गाव तसं कचेरीत कळवील. ऐकायला हे सरळ होतं. पण टिळा कुंकवाचा, आणि विधवेच्या कपाळी कुंकू लावायला कुठलाही गुरव धजणार नाही, हे पाचही जणांना माहीत होतं. भांडणाशिवाय काम होणार होतं.

"कचेरी काय म्हणेल?" मी विचारलं.

"गाव म्हणंल त्येच. वतन त्याच्याकडं गेलं की मी त्याच्या चुलीपाशी. भाकरी मिळंल. चावडीत जायला मिळणार न्हाई." जरा थांबून म्हणाल्या, "आन बैठकीवबी न्हाई."

मी म्हटलं, "दत्तक घ्या. मुलाला टिळा लागेल."

"घेणार हाय. त्याच दिराचा धाकला घेणार हाय, पोरगं गुणाचं हाय. पर आदी मला टिळा, मंग त्याला. आदी त्याला लागला तर गाव म्हणंल, पाटील त्ये पोरगं, ही नुसती राखणीला व्हती. माझी एवढी वर्सं कुणीकडं गेली?"

त्यांचं मन दुसरीकडं वळावं म्हणून मी गल्ल्यातून एक नवा रुपया काढला. राणी वारली होती, तिचा मुलगा गादीवर आला होता, आणि त्याच्या छापाचे रुपये नुकतेच आमच्याकडं येऊ लागले होते.

त्यांनी तो हातात घेतला. मग म्हणाल्या, "जुना द्या."

दोन्ही रुपये त्यांनी जाजमावर शेजारी शेजारी ठेवले.

"ह्याच्या डोक्याव काईच न्हाई."

खरंच नव्हतं. इतके दिवस ते रुपये मी हाताळत होतो, वाजवून घेत होतो, पण माझ्या ते ध्यानात आलं नव्हतं. राणीच्या डोक्यावर मुकुट होता. राजाचं डोकं बोडकं होतं, आणि पुढं थोडं टक्कलही.

"गरीब दिसतंय," बैठकीवरचा एक जण म्हणाला.

"गरीब न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला गरज न्हाई. बाप्या हाय. बोडक्या डोक्यानंबी राजा दिसतो. बाईला डोक्याव काईतरी दावावं लागतं, तवा लोक पत्करत्यात."

त्या रुपयांकडं पाहत राहिल्या. बाहेर गाडीवान दोनदा खाकरला. मग त्यांनी दोन्ही रुपये माझ्याकडं सरकवले आणि उठल्या.

"शेठ, पोळ्याला या. कुणीतरी परका माणूस बगायला पायजे. दुपारीच या, तुमी दिवस बुडल्याव जेवत न्हाई, मला ठावं हाय."

मी गेलो. त्यांच्या ओसरीवर मला दिवसाउजेडी पुरणपोळी मिळाली. कांदालसूण घातलेलं काहीही जवळ येणार नाही अशी व्यवस्था होती. त्या जेवल्या नाहीत. मी विचारलं, ताट कुठं आहे, पागोटं कुठं आहे. त्या म्हणाल्या, "पेटीत. म्येलेल्या माणसाला किती साल वेशीत हुबं करायचं? त्यालाबी इसावा पायजे."

ऊन उतरल्यावर वेशीबाहेर सगळं गाव गोळा झालं. बैलांची शिंगं हिंगुळानं लाल झालेली, गळ्यात घुंगुरमाळा. तोरणाच्या डाव्या अंगाला दीर उभा होता, डोक्याला नवं कोरं पागोटं, कपाळ धुऊन स्वच्छ. उजव्या अंगाला त्या, आपल्या जोडीचा कासरा धरून. मध्ये गुरव. गुरव बुटका आणि म्हातारा होता. हातात कुंकवाचं तबक होतं.

त्यानं आधी त्यांच्या बैलाला कुंकू लावलं. त्यावर कुणी हरकत घेतली नाही, बैल पाटलाचे होते. मग तो थांबला.

दीर म्हणाला, "चल, गुरवा. दिवस चाललाय."

गुरव त्यांच्याकडं बघून म्हणाला, "पाटील, माझा इलाज न्हाई. तुमच्या कपाळाला कुंकू माझ्या हातनं लागायचं न्हाई. माझी पोरंबाळं हायती."

"कपाळ कुणी मागितलंय तुला?"

मागचे लोक पुढं सरकले.

"मला सांग, दरसाल टिळा कशाला लावायचास?"

"पागोट्याला."

"त्यात डोकं असायचं का?"

"न्हाई. ताटात नुसतं पागोटं असायचं."

"म्हंजी कापडाला लावायचास."

गुरवानं जरा विचार केला. "व्हय. कापडालाच."

त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि टाळूवर हात ठेवला. "मंग ह्ये कापड हाय. हितं लाव, मुकुटाच्या जागी. यंदा कापडाखाली डोकं हाय, एवढाच फरक."

दीर उसळून म्हणाला, "ह्ये थोतांड हाय."

पंचांतला सगळ्यांत म्हातारा एका दगडावर बसला होता. त्यानं दिराकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. म्हणाला, "आपुन जिता माणूस म्हणलं व्हतं. ती जिती हाय. टिळा म्हणलं व्हतं. कपाळ म्हणलं न्हवतं."

"कपाळ म्हणायची गरज काय? टिळा कपाळालाच असतुया."

"इतकी वर्सं ताटाला लागत व्हता तवा तू बी हात जोडून हुबा व्हतास. तवा कपाळ कुटं व्हतं?" म्हातारा उठला आणि दगड मोकळा केला. "आन तुझ्या पागोट्याखाली डोकं असतं, तर ही अट तू घालायला लावलीच नसतीस."

मागं कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. माझ्या मते निकाल त्या हसण्यानं लागला. गावाला फसवलं गेल्यासारखं वाटलं नाही. आपलीच जुनी युक्ती आपल्याला परत मिळाली, असं वाटलं.

गुरव पुढं झाला. पण त्या उंच आणि तो बुटका. त्याचा हात त्यांच्या कपाळापर्यंत पोचत होता, टाळूपर्यंत नाही. तो म्हणाला, "पाटील, वाईच वाका."

"पाटील टिळा घेताना वाकतो का?"

"न्हाई."

"मंग?"

गुरवानं इकडं तिकडं पाहिलं, म्हाताऱ्यानं सोडलेल्या दगडावर चढला, आणि तिथून त्यांच्या पदरावर, बरोब्बर टाळूवर, कुंकवाचं बोट टेकवलं. काळसर लुगड्यावर ते फारसं दिसतही नव्हतं. त्यांनी कासरा ढिला सोडला. जोडी तोरणाखालून आत गेली, आणि तिच्यामागं सगळं गाव.

दीर शेवटून आपल्या जोडीबरोबर शिरला. तो वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या वर्षी त्यानं आपला धाकटा मुलगा त्यांना दत्तक दिला.

त्या पुढंही बैठकीवर येत राहिल्या, विडा घेत राहिल्या, बैलाला देत राहिल्या. मग एका हिवाळ्यात येईनाशा झाल्या, आणि गुमास्त्यानं येऊन त्या गेल्याचं सांगितलं. त्या दिवशी वडील दुकानात येऊन बसले होते. गुमास्त्याला त्यांनी विडा दिला आणि म्हणाले, "हा तुला नाही. बैलाला."

त्यानंतर त्या गावात पोळ्याला जाण्याचं मला कारण पडलं नाही. गेल्या भाद्रपदात मात्र पडलं. उधारीचं काम नव्हतं. त्या गावाच्याही पुढं एका ठिकाणी तांदळाचा सौदा होता, परतताना गाडीचा आख बिघडला आणि मी वेशीबाहेर अडकलो. बैल जमले होते. दत्तक मुलगा आता मोठा बाप्या झाला आहे. अंगानं भरलेला, उंचीनं बेताचा. माझ्या खांद्याला लागेल. डोक्याला पागोटं, कपाळ मोकळं. त्या म्हाताऱ्या गुरवाचा नातू आता टिळा लावतो. तो चांगला ताडमाड आहे.

शेजारी एक तरुण शेतकरी बैलाची झूल सारखी करत होता. मी त्याला विचारलं, "टिळा कपाळाला नाही लावत?"

त्यानं मला परका ओळखून समजावून सांगितलं, "न्हाई, शेठ. पाटलाचा टिळा टाळूवर असतो. लई जुनी रीत हाय. पयल्यापासनं."

मी पुढं पाहिलं. गुरवानं तबक घेतलं. त्याला नुसता हात लांबवला असता तरी पाटलाच्या पागोट्याचा माथा सहज गाठता आला असता. पण तो आधी बाजूला गेला, त्या दगडावर चढला, आणि मग तिथून वाकून त्यानं टिळा लावला.